मुंबई लिहून पाठव

गिरगाव, मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

सुभद्रावहिनी, नमस्कार.

फोन करून थकले, म्हणून हे पत्र. प्रत्येक वेळी तुमचे दीर कुशाबा उचलतात. कधी तुम्ही काजूत असता, कधी देवळात. परवा तर ते म्हणाले, "आताच हय होती, खय गेली कोण जाणे." मागून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तुम्ही घरातच होतात.

बँकेनं मला कणकवलीला पाठवलं तेव्हा तुमच्या माडीवरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. तेवढ्या काळात तुम्ही मला एकदाही भाडेकरू म्हणून वागवलं नाहीत. म्हणून सरळ विचारते. राहुलवर तुमचा राग आहे का?

गेल्या रविवारी तो माझ्याकडे आला होता. चहा पुढ्यात थंड झाला तरी पिईना. शेवटी म्हणाला, "मावशी, आईला आकांक्षा आवडत नाही. दुसरं काय कारण असणार?" बारशाला तुम्ही आला नाहीत. कुळथाचं पीठ आलं, चांदीचे वाळे आले, कोकमं आली, तुम्ही नाही. मुलीचं नाव नूपुर ठेवलं, तेही तुम्हाला कुशाबांकडून कळलं असेल.

आता त्यांची खरी अडचण सांगते. नूपुरला सध्या आकांक्षाची आई सांभाळते. ती मंडळी अँटॉप हिलला सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. आकांक्षाचे वडील मार्चअखेर निवृत्त होणार, क्वार्टर सोडणार आणि दोघं साताऱ्याला गावी जाणार. मग बाळाजवळ कोण? आकांक्षाची नोकरी सुटली तर नव्या घराचे हप्ते एकट्या राहुलला झेपायचे नाहीत. त्याला तुम्ही हव्या आहात. तुम्ही दर वेळी नाही म्हणता आणि कारण सांगत नाही.

मला तरी सांगा.

तुमची पद्मजा

*

कणकवलीजवळून
२८ नोव्हेंबर

पद्माबाय, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, बँकेच्या पावतीसारखं.

राहुलवर राग कसला? माझं एकच पोर. आकांक्षाही चांगली आहे. पण मला इथून हलता येत नाही. म्हैस गाभण आहे. काजूला मोहर येईल. भावजींना भाकरी कोण देणार? ते त्र्याहत्तरचे झाले. गुडघेही दुखतात.

आणि मी मुंबईत येऊन काय करू? राहुलच्या लग्नाला दोन दिवस आले तेवढीच. हॉल पाहिला, हॉलची जेवणं पाहिली, परतले. शहर कुठल्या बाजूला होतं ते कळलं नाही.

रिटायर झाल्यापासून तू म्हणे बाहेरून आलेल्या माणसांना मुंबई दाखवत फिरतेस. राहुलने सांगितलं होतं. मग त्यांना जे सांगतेस तेच मला लिहून पाठव. फोन करू नको, इथे रेंज नसते. मुंबई लिहून पाठव.

आणि एवढं सांग. बसवर आणि स्टेशनांवर नावं मराठीत लिहिलेली असतात का? न विचारता माणूस एकटा फिरू शकतो का? आणि दाराची बेल वाजली की घरात दिवा लागतो, अशी सोय नव्या बिल्डिंगीत असते का? कुणीतरी सांगत होतं.

बाळाचा फोटो पाठव. राहुल मोबाइलवर पाठवतो तो भावजींच्या मोबाइलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

सुभद्रा

*

गिरगाव
९ डिसेंबर

सुभद्रावहिनी,

फोटो सोबत आहे. कपाळ राहुलचं आहे, बाकी सगळी आकांक्षा.

आता मुंबई. माझ्याबरोबर फिरायला येणारे लोक पहिल्यांदा नकाशा काढतात. मी त्यांना तो मिटायला सांगते. मुंबई तुमच्या मांडवावरच्या पडवळासारखी आहे. लांबट, जराशी वाकडी, पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला बंदराची खाडी. देठ उत्तरेला, टोक दक्षिणेला. देठाकडची मुंबई मला फारशी कळत नाही. आयुष्य टोकाकडे गेलं, तेवढं सांगते.

अगदी टोकाला कुलाबा आणि फोर्ट. साहेबाच्या काळातल्या दगडी इमारती, कोर्ट, बँका. माझी शेवटची शाखा तिथेच होती. पाहुण्यांना तिथलं गेटवे पाहायचं असतं. ते पाहावं, बोटीत बसावं, घारापुरीची लेणी बघून यावं. सकाळी जावं, दुपारी दगड तापतो.

वर आलं की आमचं गिरगाव. इथे वाडी म्हटलं की माड-पोफळी शोधू नका. वाडी म्हणजे गल्ली आणि गल्लीत चाळी. खोताच्या वाडीत अजून थोडी लाकडी जिन्यांची, रंगीत खिडक्यांची ख्रिस्ती मंडळींची घरं उरली आहेत. पाहुणे तिथे आवाज खाली आणतात, का कोण जाणे. तिथून चालत चौपाटी. संध्याकाळी वाळूत बसायचं आणि समोर मलबार हिलचे दिवे लागताना बघायचं. याला काही द्यावं लागत नाही.

पुढे भायखळ्याची राणीची बाग. तिथे पेंग्विन आहेत. बर्फातला पक्षी भायखळ्यात पाहून पोरं हरखतात, म्हातारी माणसं काळजी करतात.

त्याच्या वर लालबाग आणि परळ, म्हणजे तुमचं. कुशाबा ज्या गिरणीत होते तिच्या जागी आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात लोक कॉफी पितात. एक चिमणी मात्र ठेवली आहे, शोभेला. कुशाबांची जुनी खोली पाडून तिथेच टॉवर उभा राहिला आणि त्यात जास्तीच्या जागेचे पैसे भरून राहुलला एकविसावा मजला मिळाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खाली मात्र लालबाग अजून लालबाग आहे. चिवड्याची दुकानं, मसाला कांडून देणाऱ्या गिरण्या, मिरची भाजली की सगळी गल्ली खोकते. परळला मोठी इस्पितळं. तिथल्या फुटपाथवर तुम्हाला सगळ्या देशाची माणसं दिसतील, बरं व्हायला आलेली. शेजारी भोईवाडा. तिथे कोर्ट, त्यामुळे सकाळी काळे कोट आणि दुपारी पोरांचं क्रिकेट.

पश्चिमेला प्रभादेवी, सिद्धिविनायकाचं देऊळ. मंगळवारी जाऊ नका, इतर दिवशी देव निवांत भेटतो. आणि मग दादर. कुणाला मुंबईत एकच सकाळ असेल तर मी त्याला दादरच्या फुलबाजारात नेते. झेंडूचे ढीग, शेवंती, ओल्या गोणपाटावर गुलाब. बायका पायांनी वाट काढतात आणि हातांनी भाव करतात.

आता तुमचे प्रश्न. नावं सगळीकडे मराठीत आहेत, ठळक. आता जमिनीखालून मेट्रो धावते. माझ्या घराजवळून बसलं की दादरला निघता येतं, आणि डब्यात पुढच्या स्टेशनाचं नाव पाटीवर उमटतं. एकटं फिरता येतं. पण मुंबईत न विचारता फिरायचं कशाला? इथे एकाला रस्ता विचारला की चार जण सांगतात.

बेलच्या दिव्याचं मला कळलं नाही. तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का? लालबागला गोंगाट आहे, खोटं कशाला बोलू. पण एकविसाव्या मजल्यावर तो बराच कमी होतो. गावच्या शांततेची सवय झालेल्या माणसाला भीती वाटत असेल, समजू शकते.

एक गोष्ट मात्र लिहावी की नाही, हे ठरत नव्हतं. लिहिते. गेल्या आठवड्यात मी लालबागला जाऊन आकांक्षाला भेटले. ती तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही. फारच टोचलं तेव्हा तिने सांगितलं. लग्नाच्या दिवशी जेवणं झाल्यावर ती तुमच्याजवळ येऊन वाकली होती. तिने विचारलं, "मी तुम्हाला आई म्हटलं तर चालेल?" तुम्ही हसून तिचा हात बाजूला केलात आणि म्हणालात, "नको गो बाय, माका नको." त्यानंतर तिने तुम्हाला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. राहुललाही तिने हे सांगितलेलं नाही.

वहिनी, तुम्ही असं बोलाल यावर माझा विश्वास बसत नाही. पण ती खोटं बोलणारी मुलगी नाही.

पद्मजा

*

कणकवलीजवळून
१९ डिसेंबर

पद्माबाय,

मला वाटलं ती आइस्क्रीम घेणार का विचारते आहे.

आकांक्षाच्या मागे एक पोरगा ट्रे घेऊन उभा होता. ती वाकली, तिचे ओठ हलले, मला वाटलं आइस्क्रीम. माझं पोट भरलं होतं. मी नको म्हटलं. तुझं पत्र वाचून मी ओटीवरच बसले. भावजींनी विचारलं काय झालं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून आत निघून गेले.

मला ऐकू येत नाही, पद्मा. आता लिहिलंच. राहुल नोकरीला मुंबईत गेला तेव्हापासून कमी होत गेलं. आधी वाटलं मळ असेल. तेल घातलं. मग लोकांच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायला शिकले. घरातली बोलणी ठरलेली असतात, चालून जातं. राहुल गावी आला की त्याला समोर बसवते आणि जेवू घालते, जेवताना पोर फार बोलत नाही. फोनवर मात्र माणसाचं तोंड दिसत नाही. म्हणून मी काजूत जाते. रेंजचं खोटं होतं.

भावजींना ठाऊक आहे, दुसऱ्या कुणाला नाही. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं. श्रावणात ते मागीलदारी शेवाळावर घसरले. पाय मुडपला, उठता येईना. मी तिथेच पलीकडे भेंडी काढत होते, त्यांच्याकडे पाठ करून. ते मला हाका मारत राहिले. टोपली भरली तेव्हा मी वळले, आणि पाहते तर माणूस चिखलात आडवा. त्यांनी मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, हळूहळू, मला दिसेल असं, "वयनी, तुका माझी हाक ऐकू नाय इली?"

आता सांग, मी बाळाला कशी सांभाळू? आकांक्षा कामावर जाईल, पोर आतल्या खोलीत रडेल आणि मी ओट्याशी पाठ करून भाकऱ्या थापत असेन. तिच्या घशात काही अडकलं तर? त्यापेक्षा सासू वाईट आहे असं तिला वाटलेलं बरं.

तू लिहिलेली मुंबई मी भावजींना वाचायला दिली. चिमणी ठेवली हे वाचून ते म्हणाले, "चिमणी ठेवली, माणसा खय ठेवली?"

राहुलला सांगू नको.

सुभद्रा

*

गिरगाव
२७ डिसेंबर

वहिनी,

तुमचा शब्द मी अर्धा पाळला. राहुलला काही सांगितलं नाही. आकांक्षाला फक्त आइस्क्रीमचं सांगितलं. बाकीचं तिने स्वतःच जुळवलं, डोकं आहे तिला. आधी हसली, मग बाळाला माझ्या मांडीवर ठेवून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आल्यावर म्हणाली, "मावशी, त्यांना घेऊन या. बाळ सांभाळायला नको. कानासाठी."

परळच्या इस्पितळात कानाच्या विभागात डॉक्टर संघमित्रा म्हणून आहेत. मी चौकशी केली. त्या म्हणतात, कान गेला असं घरी बसून कुणी ठरवू नये. काही प्रकारांत कानातलं हाड अडकलेलं असतं, ते दुरुस्त होऊ शकतं. काहींत होत नाही, मग यंत्र. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. पण न बघता बसणं मला पटत नाही.

तुतारी एक्स्प्रेसने या. कणकवलीला कुशाबा बसवून देतील. दादर हे त्या गाडीचं शेवटचं स्टेशन आहे. कुणाला काही विचारू नका, काही ऐकूही नका. सगळे उतरले की उतरा आणि जिथे उतराल तिथेच उभ्या राहा. मी तुम्हाला शोधते.

म्हशीचं कारण सांगू नका. कुशाबांना दूध काढता येतं, मी पाहिलं आहे.

पद्मजा

*

गिरगाव, मुंबई
२१ जानेवारी २०२६

कुशाबाभावजींना सुभद्राचा नमस्कार.

सुखरूप पोचले. पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

दादरला उतरले आणि पद्मजाने सांगितल्याप्रमाणे उभी राहिले. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती. मला वाटलं, आता मी इथे दगडासारखी दिसत असेन. तेवढ्यात समोरून आकांक्षा आली. पद्मजा तिच्या मागे होती. आकांक्षाने बाळ पद्मजाकडे दिलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपल्याकडे वळवला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "आई म्हणू?"

मी म्हटलं, "म्हण. आणि आइस्क्रीमही चालेल."

तिथेच आम्ही दोघी रडलो. हमाल हातगाडी घेऊन थांबला होता, त्याने वाट बघितली.

बाहेर फुलांचा बाजार. पद्मजाने लिहिलं होतं तसाच, फक्त तिने वास लिहिला नव्हता. देवळाचा गाभारा रस्त्यावर मांडावा तसा वास.

राहुलला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू धावत आला असतास, मला इथे आणून बसवलं असतंस, आणि मी एकविसाव्या मजल्यावर खिडकीत ठेवलेली कुंडी झाले असते." तो माझ्या पायाशी बसून राहिला.

एक नवल सांगते. दुसऱ्या दिवशी राहुल मला लालबागच्या रस्त्यावरून घेऊन चालला. हॉर्न, मसाल्याच्या गिरण्या, कुणाची तरी बँडची तालीम. तिथे तो काहीतरी बोलला आणि मला कळलं. त्याच्या तोंडाकडे मी बघत नव्हते. वाटलं भास. त्याला म्हटलं पुन्हा बोल. तो म्हणाला, "चिवडा घेऊया?" मला ऐकू आलं. वर घरी शांततेत गेलो आणि पुन्हा सगळं पुसलं गेलं.

डॉक्टर संघमित्राला मी हे घाबरत सांगितलं, वेडी समजेल म्हणून. ती पोर हसली. पद्मजाच्या पोरीच्या वयाची असेल, आवाज चढवून आणि कागदावर लिहून बोलते. म्हणाली, "आजी, हीच तर मला हवी ती खूण." गोंगाटात सगळी माणसं आवाज चढवून बोलतात. माझ्यासारखीला गोंगाट ऐकू येत नाही, चढवलेला आवाज तेवढा पोचतो. गावात सगळे हळू बोलतात म्हणून मी तिथे जास्त बहिरी होते. तुमच्या लालबागेत कमी.

मग तिने एक लोखंडी चिमटा आपटला. दोन टोकांचा, वाजणारा. तो कानासमोर धरला, मला काही नाही. तोच दांड्याने कानामागच्या हाडावर टेकवला. भावजी, घंटा वाजली. डोक्याच्या आत, स्वच्छ. मी खुर्चीवरून उठले. पद्मजाने मला धरलं.

डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं हाड असतं. ते हलायचं थांबलं आहे, गंजलेल्या बिजागरीसारखं. आतला कान जिवंत आहे, दार उघडत नाही एवढंच. ते हाड काढून बारीक दांडी बसवायची. एका कानाची आधी, उजव्या. पण तिने हेही सांगितलं की क्वचित कुणाचं उरलंसुरलंही जातं. शंभरात एखाद्याचं.

राहुल म्हणाला, नको, आहे ते राहू दे, यंत्र घेऊ. तो घाबरला आहे. मी दोन दिवस विचार केला. मागीलदारच्या चिखलात तुम्ही पडला होतात ते आठवलं. मी सही केली.

फेब्रुवारीच्या शेवटी तारीख मिळाली आहे. तोवर पद्मजाकडे आणि राहुलकडे आलटूनपालटून राहते. देवाला दिवा लावत जा. म्हशीला दोन वेळा पाणी.

सुभद्रा

*

कणकवलीजवळून
३ फेब्रुवारी

वयनीस कुशाबाचा नमस्कार.

म्हैस व्याली. पारडी झाली. दोन्ही बऱ्या आहेत. दूध मी काढतो, ती मला लाथ मारत नाही, तुला मारायची.

सही केलीस ते चांगलं केलंस. राहुलला सांग, गिरणी बंद पडली तेव्हा मीही असाच आहे ते राहू दे म्हणत चार वर्षं खोलीत बसून राहिलो होतो. त्यात माझी चार वर्षं गेली, बाकी काही झालं नाही.

लालबागेतल्या गोंगाटात ऐकू येतं हे वाचून मला बरं वाटलं. आम्ही गिरणीत वीस वर्षं मोठ्याने बोललो, तिथल्या पोरांची बोलणीही तशीच. गावातली माणसं पुटपुटतात.

घर फार गप्प झालं आहे. तू बोलत नव्हतीस तरी तुझा वावर होता. भाकरी मला जमत नाही, भात खातो. काळजी करू नको. काय होईल ते कळव, चांगलं असो वाईट असो. वाईट असलं तर आधी कळव.

कुशाबा

*

लालबाग, मुंबई
१२ एप्रिल

पद्माबाय, आशीर्वाद.

आता फोन करता येतो, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि तू नागपूरला लेकीकडे जाऊन बसलीस, तर इथलं सगळं तुला कोण सांगणार?

ऑपरेशनच्या टेबलावरचं तुला नीट सांगायचं राहून गेलं. कान बधिर केला होता, मी जागी होते. आत काहीतरी खुडखुड चाललं होतं. मग थांबलं. कुणीतरी म्हणालं, "आजी, गाव कुठलं तुमचं?" मी सांगितलं, "कणकवलीकडचं." पुन्हा विचारलं, "जेवणात काय आवडतं?" मी म्हटलं, "बांगड्याचं तिखलं." आणि मग माझ्या लक्षात आलं की संघमित्रा माझ्या डोक्यामागे उभी आहे, तिचं तोंड मला दिसत नाही, आणि ती ओरडत नाही. ती आपली साधं बोलते आहे. माझे डोळे वाहायला लागले. ती म्हणाली, "रडू नका आजी, कान हलतो." तिचा आवाजही हलत होता.

भावजींना राहुलने फोन लावला. मी बोलले. ते "बरा झाला" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उलटा केला आणि अर्धा तास म्हशीबद्दल बोलले.

पट्टी निघाल्यावर पहिले काही दिवस फार झालं. पापड खाल्ला तर डोक्यात लाकडं फोडल्यासारखं. नळ, कुकर, लिफ्टचं दार. चक्कर यायची, पडून राहायचे. आता बसलं आहे. राहुलचा आवाज हुबेहूब त्याच्या गेलेल्या बापासारखा झालाय, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा तो मागून "आई, चहा" म्हणाला तेव्हा माझ्या हातून गाळणं पडलं.

अँटॉप हिलची मंडळी साताऱ्याला गेली. जाताना विहीणबाईंनी बाळाच्या सवयी सांगितल्या. कुठल्या कुशीवर निजते, रडण्यातलं भुकेचं कुठलं आणि झोपेचं कुठलं. मी म्हटलं, ते मला ऐकून कळेल. बोलताना मलाच गंमत वाटली.

आकांक्षा कामावर जायला लागली. पहिल्या दिवशी तिने ऑफिसातून सहा वेळा फोन केला, सहाही वेळा मी उचलला. सातव्यांदा मीच केला आणि सांगितलं, आता काम कर.

भांडणही झालं आमचं, ते तुला सांगायलाच हवं. मी नूपुरला खोबरेल तेलाने रगडत होते. तिला ते आवडत नाही, डॉक्टर नको म्हणतात म्हणे. ती स्वयंपाकघरात जाऊन पुटपुटली, "सांगितलेलं एक ऐकायचं नाही." सवयीने पुटपुटली बिचारी, इतके दिवस चालून जात होतं. मी बाहेरच्या खोलीतून म्हटलं, "ऐकलं ते. एक नाही, सगळं ऐकलं." मग ती दारात आली, पदराने तोंड झाकावं तसा तिने नॅपकिन तोंडावर धरला होता. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. तेल मात्र मी बदललं नाही. थोडं कमी केलं.

डाव्या कानाचं सहा महिन्यांनी बघू म्हणते संघमित्रा. घाई नाही. मे महिन्यात आठ दिवस गावी जाऊन येईन, भावजींना इकडेच घेऊन येण्याचा विचार आहे. त्यांना त्यांची चिमणी दाखवायची आहे. शिव्या घालतील, पण बघतील.

काल संध्याकाळचं सांगते आणि थांबते. नूपुरला कडेवर घेऊन खाली उतरले होते. मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते, ती मिरचीच्या गोणींकडे टकमक बघत होती. मागून कुणीतरी विचारलं, "आजी, चिवड्याची गल्ली कुठली?" बाई होती, बाहेरगावची, हातात पिशव्या, बरोबर दोन दमलेल्या मुली.

मी वळले आणि तिला रस्ता सांगितला. मग म्हटलं, थांब, मीच येते कोपऱ्यापर्यंत. चालता चालता तिने विचारलं, मुंबईत बघण्यासारखं आणखी काय आहे. मी सांगायला लागले. कोपरा आला, गेला, मी सांगतच होते.

सुभद्रा